पद्मिनी सिग्नलला तापते? आधी ही रबरं बघा

[कंपाउंडमध्ये गाडी, बॉनेट उघडं. हातात एक काळा तुकडा.]

नमस्कार मंडळी. हे काय आहे ओळखा बरं. चामडं नाही, सुकलेलं अंजीरही नाही. हे रबर आहे. म्हणजे एके काळी होतं. माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या रेडिएटरखालची, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीखालची गादी आहे ही. नख रुतवतो, बघा, रुतत नाही. आता टेबलावर टाकतो, आवाज ऐका.

[टक्.]

रबर पडल्यावर असं वाजत नाही.

गेल्या वर्षभरात हा रेडिएटर मी तीनदा डाग देऊन आणला. दर वेळी खालच्या टाकीचा तोच कोपरा आणि तीच शिवण. पहिल्यांदा म्हटलं, १९८६ ची गाडी आहे, चालायचंच. दुसऱ्यांदा त्या कारागिरावर चिडलो. तिसऱ्यांदा त्यानेच मला विचारलं, "साहेब, हा बसवता कशावर तुम्ही?" मी गप्प. मला माहीतच नव्हतं. घरी येऊन खाली वाकून टॉर्च मारला, तर डाव्या पायाखाली हा दगड आणि उजव्या पायाखाली रबरच नाही! कुणीतरी कधीतरी लोखंडी वॉशरांची चवड लावून उंची जुळवून दिलेली. कुणी, कधी, देव जाणे. माझ्याआधी गाडीचे तीन मालक झालेत.

तर आजचा विषय हा. रेडिएटरच्या गाद्या, आणि त्याच्या कडेची सीलं. दोन्ही रबरंच, पण दोघांची कामं अगदी वेगळी.

आधी गादीचं बघू. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. चाक खड्ड्यात गेलं की पुढचा पत्रा थोडासा पिळवटतो. डोळ्याला दिसत नाही, पण पिळवटतो. आपल्याकडे पावसाळ्यात एलबीएस मार्गावरून घाटकोपर ते कुर्ला गेलात तर किती वेळा, ते तुम्हीच मोजा. पत्र्याला त्याचं काही वाटत नाही. पण जुना रेडिएटर म्हणजे तांब्या-पितळेच्या पातळ नळ्या-पात्यांची जाळी, पितळी टाक्या आणि त्यांना जोडणारा कथलाचा डाग. कथील मऊ असतं. एकदा दाबलंत तर दबेल, पण रोज शंभर वेळा पिळलंत तर चिरेल. गाद्या शाबूत असल्या की बॉडी हलते आणि रेडिएटर तिच्यावर तरंगत राहतो. गाद्या दगड झाल्या की रेडिएटर बॉडीचाच एक भाग होतो आणि सगळा पीळ त्या शिवणीत उतरतो. कारागिराचा डाग उत्तम होता हो. मी त्याला उगाच बोललो.

आता सील. 'सील' म्हटलं की लोकांना गळती आठवते. हे पाण्याचं सील नव्हे, हवेचं. रेडिएटरची चौकट आणि पुढचा पत्रा यांच्यात चारी बाजूंनी फट असते. ती फट बुजवणारी रबराची किंवा फोमची पट्टी म्हणजे हे सील. ग्रिलमधून आलेल्या हवेला दोन वाटा असतात. एक जाळीतून, म्हणजे दाटीवाटीची. दुसरी कडेच्या फटीतून, मोकळी. चर्चगेटला विरारची लोकल लागली आहे आणि बाजूचा डबा रिकामा दिसतोय, तर तुम्ही कुठे शिराल? हवाही तेच करते.

गाडी पळत असताना हे एक वेळ खपतं, कारण हवा भरपूर असते. खरी गोची सिग्नलला. आपला पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन आयडलवर आलं, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं हळू फिरतंय, की पंखाही सुस्तावतो. त्यात इंजिनाकडची तापलेली हवा त्याच कडेच्या फटींतून पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा जाळीतून ओढतो. म्हणजे चहा गार करायला बशीत ओतायचा आणि बशी पुन्हा शेगडीवर ठेवायची! तुम्ही म्हणता रेडिएटर चोकअप झालाय, नवा कोर, म्हणजे नवी जाळी टाकू, मोठा पंखा लावू. टाका की. पण आधी ही फट बघा.

[काठीला बांधलेला लोकरीचा धागा दाखवतो.]

बघायचं कसं? काहीजण उदबत्ती धरतात. बाबांनो, शेजारी कार्ब्युरेटर आहे, पेट्रोलचा पंप आहे. उदबत्ती देवघरात ठेवा. लांब काठीला लोकरीचा धागा बांधा. इंजिन आयडलवर ठेवून ग्रिलच्या बाजूने धागा रेडिएटरच्या कडेपाशी न्या. धागा आत ओढला गेला तर ठीक. बाहेर, म्हणजे तुमच्याकडे उडाला, तर तिथून गरम हवा परत येतेय. माझा धागा डाव्या कडेला असा फडफडत होता, झेंड्यासारखा. आणि हे करताना ओढणी, गळ्यातलं ओळखपत्र, सैल बाही काही नको. पंख्याला समोर कोण आहे ते कळत नाही.

मग रबर आणायचं कुठून? पद्मिनीच्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर होत्या तोवर प्रश्न नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या गेल्या आणि दुकानदारांनी हळूहळू माल ठेवणंच बंद केलं. ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात मी गेलो, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "पद्मिनी? अजून चालवता?" असं विचारलं, जणू घोडागाडीचा नाल मागितला. चोर बाजारात जुना माल मिळतो. पण जुनं रबर विकत घेऊ नका. वापरलेलं नसलं तरी ते दुकानात पडून म्हातारं झालेलं असतं. हवेतला ओझोन आणि गरमी त्याला बसल्या जागी खातात. पाकीट कोरं आहे म्हणून फसू नका, वाकवून बघा. वाकल्यावर बारीक बारीक भेगा दिसल्या की परत द्या.

मी शेवटी रबराच्या जाड शीटमधून गाद्या कापून घेतल्या. कुठलं रबर? इंजिनच्या तेलाजवळ नसेल तर ईपीडीएम नावाचं रबर. ऊन, ओझोन, कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) सगळं सोसतं. पेट्रोल आणि तेल मात्र त्याला चालत नाही, फुगतं. तेल ठिबकणारी जागा असेल तर नायट्राइल रबर घ्या, पण ते ओझोनला कच्चं. कडकपणा ५० ते ६० शोअर ए, हे रबराचा कडकपणा मोजायचं माप. दुकानदाराला हा आकडा कळला नाही तर सांगा, खोडरबरापेक्षा कडक, टायरपेक्षा मऊ. चपलेच्या टाचेचं रबर आणलंत तर पुन्हा दगडच बसवलात.

टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या घालणारे भरपूर आहेत. मीही घातल्यात. तात्पुरत्या चालतील, पण जाडी नसते, चार महिन्यांत चपट्या होतात.

सीलसाठी स्पंज रबर घ्या, पण बंद छिद्रांचं. झोपायच्या गादीत असतो तो फोम नको. तो पाणी पितो आणि पत्र्याला चिकटून ते पाणी जपून ठेवतो. मुंबईची हवा आधीच खारी, त्यात ही ओली पोटीस लावली तर पत्रा दोन पावसाळ्यांत जाळी होईल. मग दोन-दोन जाळ्या! ओळखायचं कसं? तुकडा पाण्यात बुडवून पिळा. पाणी निघालं तर नको.

[ताडपत्रीवर हत्यारं.]

चला, कामाला. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याला मी काही सांगणार नाही, त्याला डॉक्टर सांगतील. खाली टब ठेवून कूलंट काढा. टबच हवा, जमिनीवर सोडू नका. कूलंट गोडसर असतं आणि विषारी असतं, आणि आमच्या कंपाउंडमध्ये सात मांजरं आहेत.

होज पाईप चिकटला असेल तर पिरगळू नका. पितळी नळीचा गळाच तुटेल. ब्लेडने पाईप उभा चिरा, सोलून काढा, नवा घाला. पाईपपेक्षा रेडिएटर महाग. आणि काढण्याआधी फोटो काढा, प्रत्येक बाजूने. माझ्या गाडीत खाली दोन पाय आहेत आणि वर दोन टॅब, म्हणजे भोक असलेले पत्र्याचे कान. पण हा रेडिएटर मागच्या कुण्या मालकाने बदललेला आहे. तुमच्याकडे फिटिंग वेगळं असू शकतं. माझं बघून आंधळेपणाने भोकं पाडू नका.

रेडिएटर बाहेर आला की जाळीवर पुठ्ठा बांधा. एक स्क्रूड्रायव्हर घसरला की दहा पाती आडवी होतात. मग जुनं रबर आणि गोंद खरवडा, तारेच्या ब्रशने गंज काढा, गंज रोखणारं रेड ऑक्साइड मारा, वर रंग. आणि वाळू द्या. हे काम मी मुद्दाम ऑक्टोबरात करतोय. जुलैत ना रंग वाळतो, ना चिकटवायचं सोल्युशन धरतं.

आता गादी बसवायची, आणि इथे जरा थांबतो, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो असं माझं मत आहे. आपल्याला नट दिसला की तो पिळायचाच, हा संस्कार आहे. रबर पिळून चपटं केलंत की ते पुन्हा गादी राहत नाही. म्हणून बोल्टभोवती लोखंडी नळी घालतात. स्लीव्ह. नट स्लीव्हवर टेकतो आणि थांबतो, रबर ठरावीक तेवढंच दबतं. तुमच्याकडे स्लीव्ह नसेल तर पाईपचा तुकडा कापा. माझा हिशेब सांगतो. वरचं रबर ८ मिलिमीटर, मधला टॅब २, खालचं रबर ८. झाले १८. मी स्लीव्ह १६ ची कापली. म्हणजे दोन्ही रबरांत मिळून २ मिलिमीटर दाब. तेवढा पुरे. स्लीव्ह टॅबच्या भोकात सैल हवी, नाहीतर लोखंडाला लोखंड लागलं, मग रबर कशाला घातलं? वर मोठा वॉशर, आणि नायलॉनवाला लॉक नट.

रबर भोकात जात नाही म्हणून ग्रीस लावू नका. साबणाचं पाणी लावा, वाळून जातं.

अजून एक. तुम्ही इलेक्ट्रिक पंखा लावला असेल आणि त्याचा एका वायरीचा थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा चालू करणारं बटण) रेडिएटरमध्ये असेल, तर त्याची अर्थिंग रेडिएटरच्या अंगातून जाते. नव्या रबरांवर रेडिएटर बसला की अर्थिंग गेली, पंखा चालूच होणार नाही. आणि तुम्ही म्हणाल रबर बदललं आणि गाडी जास्तच तापायला लागली! वेगळी अर्थ वायर ओढा.

सील. पट्टी पत्र्याला चिकटवायची, रेडिएटरला नाही, म्हणजे पुढच्या वेळी रेडिएटर काढताना फाटत नाही. फटीपेक्षा दीडपट जाड घ्या. माझी फट १० मिलिमीटर, पट्टी १५. चिकटवताना ताणायची नाही. ताणली की छान सरळ बसल्यासारखी वाटते. महिन्याभरात ती आखडते आणि कोपऱ्यात फट पडते. शिवाय ताणलेल्या रबराला ओझोन आधी फाडतो. उलट किंचित सैलच ठेवा. खालच्या दोन्ही टोकांना बोटभर जागा सोडा, पावसाचं पाणी निघायला.

आणि बाथरूमचं सिलिकॉन नको. माझ्या गाडीत एका महाभागाने वरची फट त्यानेच भरली होती. व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते ॲसेटिक ॲसिड असतं. तांब्या-पितळेला ते हिरवं करतं. हा बघा, वरच्या टाकीचा काठ. देवघरातला न घासलेला तांब्या बरा.

रेडिएटर परत चढवला, पाईप लावले. आता पंखा हाताने फिरवा. नव्या गाद्यांनी रेडिएटर थोडा वर उचलला जातो, त्यामुळे पंखा आणि जाळीत दोन बोटं अंतर आहे ना, वरच्या पाईपला पंखा घासत नाही ना, बघून घ्या. मग दोन्ही हातांनी रेडिएटर हलवा. किंचित डुलला पाहिजे आणि परत जागेवर आला पाहिजे. खडखडला तर सैल आहे. अजिबात हलला नाही तर तुम्ही नट पिळलात. खरं सांगा.

[माहीम कॉजवे, संध्याकाळ. डॅशबोर्डचा शॉट.]

शनिवार, संध्याकाळचे साडेसहा, माहीम. पुढे बेस्टची बस, मागे रिक्षा नाहीत एवढंच सुख. तापमानाचा काटा चढतोय, खोटं कशाला बोलू. पण पूर्वी याच जागी तो लाल रेषेला टेकायचा आणि मी गाडी बंद करून लोकांच्या शिव्या खायचो. आज रेषेच्या बोटभर आधी थांबलाय. दहा मिनिटं झाली, तिथेच आहे. जाळीत गाळ भरला असेल तर सीलने काही होणार नाही, ते वेगळं दुखणं. आणि लोकरीचा धागा घरी पुन्हा धरून बघितला. चारी कडांना आत ओढला जातो.

एकच गोष्ट राहिली. रेस दिल्यावर पंखा आणि जाळीतलं अंतर दोन बोटांवरून दीडवर येतंय. रेडिएटर तर आता जागेवर बसलाय, म्हणजे इंजिनच पुढे झुकतंय. त्याची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरं, तीही याच वयाची. पुढच्या रविवारी ती उघडतो.