कबुतराचं पिल्लू पाहिलंय का कुणी?

नमस्कार श्रोतेहो.

मार्च महिन्यात आमच्याकडे एसीच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला. खिडकीतून वाकून त्याने बाहेरच्या युनिटमागे हात घातला आणि लगेच मागे घेतला. "ताई, आत कबुतराची पिल्लं आहेत. ती उडाल्याशिवाय मी काही करत नाही," एवढं बोलून, चहा घेऊन तो गेला.

सासूबाई मात्र टॉर्च घेऊन खिडकीशीच थांबल्या. आत दोन जीव एकमेकांना चिकटून बसले होते. अंगावर पिवळट, विरळ लव, तिच्यातून वर आलेली निळसर काड्यांसारखी अर्धवट पिसं आणि चेहऱ्याला न शोभणारी जाडजूड चोच. उजेड पडताच दोघांनी अंग फुगवलं, चोच आपटली आणि फुस्स केलं. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई! चाळीस वर्षं कबुतरं हाकलतेय या शहरात, पिल्लू आज पाहिलं."

तुम्ही पाहिलंय का? चिमणीचं पाहिलं असेल. कोंबडीची पिल्लं तर लहानपणापासून ओळखीची. बुलबुलाचं शेपूट नसलेलं पिल्लू कुंडीमागे सापडतं आणि घरभर धावपळ उडते. मग ज्या पक्ष्याने आपले छज्जे, डक्ट, स्टेशनची छपरं व्यापली आहेत, त्याचीच पिल्लं जातात कुठे?

कुठेच जात नाहीत, हेच त्याचं उत्तर. ती घरात बसून राहतात.

आपलं शहरी कबूतर म्हणजे मुळात पारवा, कड्याकपारीतला पक्षी. सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याच्या तुटलेल्या कड्याखाली किंवा जुन्या लेण्यात गेलात तर तो आजही तिथे घुमताना भेटेल. कड्याच्या खोबणीत घरटं असलं की मांजर, मुंगूस सहसा पोहोचत नाही. बुलबुलाचं घरटं झुडपात, उघड्यावर. तिथे प्रत्येक जादा दिवस धोक्याचा. म्हणून त्याची पिल्लं बारा-तेरा दिवसांत बाहेर पडतात, धड उडताही येत नसताना. पारव्याला ती घाई नाही. सतरा-अठरा दिवसांनी अंडं फुटतं, आणि त्यानंतर पिल्लू चांगलं महिनाभर, थंडीत त्याहूनही जास्त, जागा सोडत नाही. इमारतीचा छज्जा त्याच्या लेखी कडाच आहे, फक्त सिमेंटचा.

बरं, पहिला आठवडाभर तुम्ही घरट्यात डोकावलात तरी पिल्लू दिसणार नाही, कारण त्याच्यावर कुणीतरी बसलेलं असतं. आई आणि बाप पाळ्या लावतात. सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत साधारणपणे नर, बाकी वेळ आणि रात्रभर मादी. ऑफिसच्या वेळेत घर सांभाळणारा बाप आमच्या सोसायटीत बहुधा एवढाच.

आणि मुख्य गोष्ट खाण्याची. चिमणीला पिल्लांसाठी दिवसभर किडे पकडून आणावे लागतात. ये-जा, चिवचिव, त्यातून घरट्याचा पत्ता सगळ्या जगाला कळतो. कबुतराला किडे लागतच नाहीत. आईबापांच्या गळ्याशी दाणे साठवायची पिशवी असते. पिल्लं जन्मायच्या सुमाराला तिचं आतलं अस्तर जाड होतं आणि त्यातून दह्याच्या कवड्यांसारखा पदार्थ सुटतो. याला कबुतराचं दूध म्हणतात. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर. गंमत म्हणजे प्रोलॅक्टिन हे जे संप्रेरक बाळंतिणीला दूध आणतं, तेच इथेही काम करतं, आणि नरातही करतं. पिल्लू आपली चोच आईच्या किंवा बापाच्या तोंडात घालून ते पितं. पहिले चार-पाच दिवस केवळ हेच, मग हळूहळू भिजलेले दाणे.

असं दूध पक्ष्यांमध्ये फार थोड्यांना येतं. त्यातला एक आपल्या ठाण्याच्या खाडीत येणारा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पण त्याची तरुण पिढी लपत नाही. गुलाबी थव्यात मळकट राखाडी रंगाचे पक्षी दिसले की समजावं, ही पोरं.

कबुतराच्या बाबतीत नेमका तिथेच घोळ होतो. महिन्याभराने ते बाहेर येतं तेव्हा आकाराने जवळजवळ आईएवढं असतं. आपल्या मनातलं पिल्लू लहान, गोंडस, धडपडणारं. समोर येतं पुरं वाढलेलं कबूतर. म्हणजे आपण कबुतराचं पिल्लू पाहिलेलं नसतं असं नाही. रोज पाहतो, ओळखत मात्र नाही.

ओळखायचं कसं? चोचीच्या मुळाशी पाहा. मोठ्या कबुतराला तिथे चुना लावल्यासारखा पांढरा फुगवटा असतो. कोवळ्याचा मळका, करडा. डोळा नारिंगी नसून तपकिरी. मानेवरची हिरवी-जांभळी झळाळी अजून आलेली नसते. आणि नुकतंच बाहेर पडलेलं असेल तर डोक्यावर पिवळ्या लवेचे दोन-चार केस चिकटलेले असतात, हळदीला बसलेल्या नवरदेवासारखे. स्टेशनवर कधी एक कबूतर पंख फडफडवत, चीं चीं करत दुसऱ्याच्या मागे लागलेलं, त्याच्या तोंडात चोच खुपसू पाहणारं दिसतं. आपल्याला वाटतं भांडण चाललंय. बहुतेक वेळा ते जेवण मागणं असतं, आणि ज्याच्याकडे मागतात तो पुष्कळदा बाप असतो.

या पिल्लांकडे अगदी बारकाईने पाहणारी माणसंही झाली. चार्ल्स डार्विनने 1855 पासून कबुतरं पाळली, लंडनमधल्या कबूतरबाजांच्या दोन क्लबांत तो सामील झाला. अंड्यातून बाहेर पडून बारा तासही झाले नाहीत अशी वेगवेगळ्या जातींची पिल्लं त्याने मोजली. मोठेपणी या जातींत जे टोकाचे फरक दिसतात, ते पिल्लांत बहुतेक ठिकाणी फारच कमी निघाले. 1859 सालच्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथात हे आलं आहे. शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनाही पिल्लाची वेळ साधावी लागते. पायातलं ओळखीचं अखंड कडं साधारण आठवड्याच्या आतबाहेर चढवायचं. थोडा उशीर झाला की पंजा इतका वाढलेला असतो की कडं आत जातच नाही.

आपल्याकडे ही पिल्लं माहीत असतात ती एसीवाल्यांना, जाळ्या लावणाऱ्यांना आणि परांचीवर चढून इमारती रंगवणाऱ्यांना. बाकी आपण खिडकीच्या आतली माणसं. कबुतरांची घाण आणि त्यातून होणारे श्वासाचे त्रास खरेच आहेत, आणि सासूबाईंचा त्यांच्यावरचा राग अजून तसाच आहे, हेही सांगून टाकते.

एप्रिलच्या शेवटी मेकॅनिक पुन्हा आला. सासूबाई म्हणाल्या, "पिल्लं गेली रे उडून. आता ही दोन मोठी कबुतरं मेली हलत नाहीत." ग्रिलवर दोघं बसली होती. तो हसला. "आजी, हीच ती पिल्लं." मग त्याने वाकून युनिटमागे पाहिलं आणि पाना पुन्हा पिशवीत टाकला. आत काड्यांवर दोन नवी पांढरी अंडी होती.

आमच्या एसीची सर्व्हिसिंग अजून व्हायची आहे. नमस्कार.