दाराबाहेरचे कपाट

सकाळचे पावणेसात वाजले आहेत. पुण्याच्या सदाशिव पेठेतील या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेचे दार उघडण्याआधीच जिन्यात चपलांची रांग लागते आणि दाराशी असलेल्या लाकडी कपाटाच्या खणांत एकेक फोन ठेवला जातो. खणावर नाव नाही, केवळ आसनक्रमांक आहे. फोन बंद करायचा, खणाला कुलूप लावायचे, किल्ली खिशात टाकायची आणि मगच आत जायचे, हा नियम येथील विद्यार्थ्यांनीच ठरवला आहे.

फोन टेबलावर पालथा ठेवला तर चालणार नाही का? टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फोन समोर ठेवून चाचणी देणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवून आलेल्यांची कामगिरी सरस ठरली. टेबलावरचे ते फोन वाजतही नव्हते.

खाली चहाच्या टपरीवर फोनचा पडदा सतत वर सरकवणाऱ्या अंगठ्याची हालचाल नीट पाहावी. पूर्वी संकेतस्थळावरचे पान संपत असे आणि पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे. थांबायचे की पुढे जायचे, हे ठरवायला तेवढा क्षण मिळत असे. 2006 मध्ये अमेरिकी संगणक-रचनाकार अझा रास्किन यांनी न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि तो क्षण नाहीसा झाला. पुढे त्याबद्दल त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. जून 2020 मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने येथे रील्स सुरू केले, आणि तोच अंगठा नव्या जागी फिरू लागला. म्हणूनच या मुलांना आळशी म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

फोन कायमचा दूर ठेवणेही त्यांना शक्य नाही, कारण परीक्षेची जाहिरात, उत्तरतालिका, चालू घडामोडींच्या टिपा, बहुतेक सारे टेलिग्रामवर मिळते. खिडकीजवळच्या या विद्यार्थ्याने त्यावर काढलेला मार्ग साधा आहे. वाचताना फोनवर जे शोधावेसे वाटेल, ते तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो. आजच्या पानावर ग्रामन्यायालय अधिनियमाचे वर्ष आहे, गाडगीळ समितीच्या अहवालातील एक शिफारस आहे, अर्जाची शेवटची तारीख आहे आणि मेसचे पैसे पाठवण्याची आठवण आहे. रात्री साडेनऊला खण उघडल्यावर तो हे पान समोर ठेवतो, त्यातले तेवढेच पाहतो आणि वीस मिनिटांत फोन बाजूला करतो. फोनमधील वेळमर्यादेची सोय त्यानेही वापरून पाहिली होती. मात्र मर्यादा संपल्यावर ती सहज वगळता येते, आणि तो दररोज वगळत असे. खणाच्या लाकडी दाराला कुलूप असते आणि त्यासाठी जागेवरून उठावे लागते, एवढा फरक पुरेसा ठरला.

राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली असून तीन तास सलग लिहिण्याचा सराव आता अटळ आहे. पूर्वी दिवसाकाठी जेमतेम चार तास अभ्यास होत असे, आता आठ होतो, असे तो सांगतो.

रात्रीचे साडेनऊ. त्याच्या पानावरील चारपैकी दोन ओळींवर आधीच काट मारलेली दिसते. ती उत्तरे त्याला दुपारी, मागच्या फळीवरील पुस्तकांतच सापडली होती.