हुलग्याची शेंगोळी आणि आत्याकडचे पाहुणे

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली रे पडली, की वर्तमानपत्रं तिला गुलाबी म्हणायला लागतात. रात्रीच्या विजेवर कांद्याला पाणी द्यायला बांधावर उभ्या असलेल्या माणसाला एकदा विचारा, बाबा रे, थंडीचा रंग कोणता? तो जे सांगेल ते आकाशवाणीवर सांगता येणार नाही.

तर अशा थंडीतून घरी आलेल्या माणसाला जेवायला काय द्यावं? चार पदार्थ, चार भांडी, असलं काही नको. एकच पातेलं. वाफाळतं, लसणाचा वास घर भरून टाकणारं, पहिल्याच घोटाला कानशिलं गरम करणारं. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या सगळ्या पट्ट्यात याला एकच उत्तर आहे. हुलग्याची शेंगोळी.

कोकणातल्या श्रोत्यांना सांगतो, हुलगे म्हणजे तुमचे कुळीथ. तुम्ही त्याची पिठी करता, आम्ही देशावर माडगं करतो आणि शेंगोळी करतो. पीठ घट्ट मळायचं, त्याच्या बारीक वळ्या वळायच्या आणि त्या लसणाच्या उकळत्या पाण्यात शिजवायच्या. वेगळी आमटी नाही, वेगळा रस्सा नाही. वळ्या शिजता शिजता पीठ पाण्यात उतरतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. विदर्भातली वरणफळं, गुजरातेतली डाळढोकळी, ही सगळी याच कुळातली. इतकंच काय, इटलीत गरिबाघरी घेवड्याच्या दाण्यांत पास्ता शिजवून 'पास्ता ए फाजोली' करायचे, त्याचंही तंत्र हेच. पिठाचा स्टार्च पाण्यात उतरू द्यायचा, पाणी फेकायचं नाही. आता तो पदार्थ मोठ्या हॉटेलांत मिळतो. शेंगोळ्यांवर ती वेळ येऊ नये अशी माझी प्रार्थना आहे, कारण मग त्यावर कोथिंबिरीचं एकच पान ठेवून पैसे घेतील.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो, मी ती परत सांगणार आहे. पाणी खळखळ उकळलेलं हवं. कोमट नाही, तापलेलं नाही. खळखळ उकळलेलं. का ते पुढे सांगतो.

आधी पाहुण्यांची हकिगत. ही हकिगत मी इतक्यांदा सांगितली आहे की घरचे लोक आता उठून जातात. तुम्हीही रेडिओ बंद करू शकता, पण करू नका.

माझ्या आत्याचं घर ओतूरच्या अलीकडे, रस्त्यापासून बरंच आत, मळ्यात. चहूकडे ऊस. जानेवारीचे दिवस. माझ्या आतेबहिणीला बघायला कल्याणकडची मंडळी माळशेज घाट चढून यायची होती. चारपर्यंत पोचतो असा निरोप होता. आत्यानं साडेतीनलाच पोहे भिजवले, चारला फोडणीला टाकले. पाच वाजले, पाहुणे नाहीत. सहा वाजले, पाहुणे नाहीत. पोहे गार व्हायला लागले आणि घरात आम्ही पोरं होतो. मी तेव्हा शाळेत होतो. पोह्यांचं काय झालं हे वेगळं सांगायला नको.

पाहुणे आले रात्री आठला. भाड्याची जीप घाटात तापली होती, कशीबशी मळ्यापर्यंत आली आणि गोठ्यासमोर जी बंद पडली ती पडलीच. आतून नऊ माणसं उतरली. मुलगा, आईवडील, मामा, काका, दोन बहिणी, मध्यस्थ आणि ड्रायव्हर. मुलाचे वडील निवृत्त मास्तर. अंगात कोट, गळ्याला मफलर, डोक्याला माकडटोपी आणि चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल. उंबऱ्यातच म्हणाले, "आम्ही फक्त चहा घेऊ. मुलगी बघू आणि निघू."

ड्रायव्हर मागून म्हणाला, "गाडी आता सकाळीच."

"मग हमरस्त्यापर्यंत चालत जाऊ."

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, फार कमी बोलायचे. ते म्हणाले, "चाला की. परवाच पलीकडच्या वस्तीवरनं बिबट्यानं कुत्रं उचललंय."

मास्तर ओसरीवर बसले.

आता चुलीपुढची परिस्थिती ऐका. पोहे संपलेले. ज्वारीचं पीठ घरच्यांना जेमतेम पुरेल एवढंच, आणि वीज नाही म्हणून गिरणी बंद. पण हुलग्याचं पीठ मात्र डबाभर, त्याच आठवड्यात दळून आणलेलं. आत्यानं क्षणभर डब्याकडे पाहिलं, मग माळ्यावरनं मोठं पातेलं काढायला सांगितलं. मला लसूण सोलायला बसवलं. किती सोलू विचारलं तर म्हणाली, "मी थांब म्हणेपर्यंत."

पण पंधरा-सोळा माणसांची शेंगोळी वळायची म्हणजे चेष्टा नाही. एकटी बाई बसली तर मध्यरात्र होते. आत्यानं तीन पराती आणून ओसरीच्या मधोमध ठेवल्या, पिठाचे उंडे टाकले आणि थेट पुरुषांकडे वळून म्हणाली, "पाव्हणं, हात धुवा."

कुणी हललं नाही. मध्यस्थानं तर डोळेच मिटून घेतले. मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या बापाला पीठ वळायला बसवायचं, तेही त्या काळात! आमच्या आजीनं आतून 'अगंबाई' म्हटलेलं मला ऐकू आलं.

मास्तरांनी मफलर सोडला. कोट काढून घडी करून खुंटीला लावला. हात धुतले, मांडी घालून परातीशी बसले, लिंबाएवढा गोळा उचलला आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून असा काही फिरवला की खालून करंगळीहून बारीक वळी सुटत गेली. कुठे जाड नाही, कुठे चीर नाही. तिचं वेटोळं केलं, टोक दाबलं, ताटात ठेवलं. लगेच दुसरी. ओसरीवर सगळे बघतच राहिले.

त्यांच्या बायकोनं मान वर न करता सांगितलं, "सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला होत्या. हे बारा वर्षांचे. घरचं सगळं हेच करायचे."

मास्तर काही बोलले नाहीत. पुढचा उंडा हातात घेऊन त्यांनी तो दाबून पाहिला आणि म्हणाले, "पीठ तुटतंय. कणीक हवी मूठभर."

आता माझ्या आत्याला तिच्या पिठाबद्दल आजवर कुणी शब्द बोललेला नव्हता. मामासुद्धा नाही. तिनं मास्तरांकडे पाहिलं, उठली आणि कणकेचा डबा घेऊन आली. आणि बरोबरच होतं ते. हुलगा हे कडधान्य. गव्हाच्या पिठाला ताणून धरणारं जे ग्लुटेन असतं, ते हुलग्यात नसतं. म्हणून थोडी कणीक. थोडीच.

इकडे मुलगाही बसला होता. त्याच्या एकेक वळ्या बैलाच्या वेसणीएवढ्या जाड, आणि वेटोळं करायला गेलं की मधोमध मोडायच्या. समोरच्या परातीवर माझी आतेबहीण. ती भराभर वळत होती आणि तिरक्या नजरेनं त्याच्या ताटाकडे बघत होती. तेवढ्यात मध्यस्थाला आपलं कर्तव्य आठवलं. घसा खाकरून त्यानं विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो ना?"

तिच्या हातात वळी होती, पुढे ताट भरलेलं होतं, आणि हा माणूस विचारतोय स्वयंपाक येतो ना! ती म्हणाली, "मला येतो. यांना येतो का?"

पहिले हसले ते मास्तर. मुलाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "चहा येतो." तिनं त्याच्या ताटातलं एक शेंगोळं दोन बोटांनी उचललं. ते मोडून अर्धं खाली पडलं. उरलेलं अर्धं बघत ती म्हणाली, "शिकतील."

हल्ली ही बघाबघी हॉटेलात होते. दोघांनी कोल्ड कॉफी घ्यायची आणि एकमेकांना छंद विचारायचे. वाचन, संगीत, प्रवास. सगळ्यांचे छंद तेच असतात. माझं म्हणणं आहे, पिठाचा उंडा द्या दोघांच्या हातात. असो.

तिकडे चुलीवर पाण्याला फोडणी देऊन झाली होती. मुलाची बहीण उत्साहानं ताट घेऊन शेंगोळी सोडायला गेली, तर आत्या ओरडली, "थांब! खळखळू दे!" श्रोतेहो, पुन्हा सांगतो, हीच ती गोष्ट. उकळत्या पाण्यात पडलं की पिठाचा वरचा थर लगेच शिजतो आणि वळी आकार धरते. पाणी नुसतं तापलेलं असेल तर पीठ विरघळायला लागतं आणि शेंगोळ्यांचं पिठलं होतं. पिठलंही वाईट नाही, पण मग वळायचे कष्ट कशाला घेतले?

दहाच्या सुमाराला पंगत बसली आणि नेमकी तेव्हाच वीज आली. आली म्हणजे मामांनी भाताची आशा सोडून उठायचं आणि मोटार चालू करायला विहिरीवर जायचं. मुलाचे मामा बॅटरी आणि काठी घेऊन त्यांच्याबरोबर गेले. दोन्हीकडचे मामा उसाच्या कडेनं मोठमोठ्यानं गप्पा मारत चाललेत, कारण बिबट्याला माणसाचा आवाज ऐकू गेला पाहिजे. लग्न तिथेच जमलं असं माझं मत आहे. पत्रिका नंतर बघितल्या.

मुलानं वळलेली शेंगोळी पातेल्यात लगेच ओळखू येत होती. बाकीची शिजली तरी ती आत कच्चीच. आत्यानं ती पळीनं एकेक वेचली आणि त्याच्याच ताटात वाढली. तो निमूटपणे खाऊन उठला. वैशाखात लग्न झालं. आता त्यांना नातवंडं आहेत, आणि त्यांच्या घरी शेंगोळी हे आमचे भाऊजीच वळतात. अजून जाडच.

आता माझ्याकडे वेळ थोडा उरलाय, तेव्हा कृती भरभर सांगतो. तुम्हाला फोडणी शिकवायची गरज नाही.

चार माणसांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक. हुलगे घरी दळून आणणार असाल तर नीट निवडा. यात खडे फार, आणि हुलग्याच्याच रंगाचे असतात. लसणाचा एक अख्खा गड्डा, जिरं, तिखटाच्या हिरव्या मिरच्या आणि मीठ वाटून घ्या. यातलं निम्मं वाटण पिठात आणि निम्मं फोडणीत. निम्मं पिठात, निम्मं फोडणीत. सगळं रश्श्यात घातलंत तर वळ्या फिक्या लागतात. पिठात हळद आणि चमचाभर तेल, आणि घट्ट मळा. गरम मसाला नको. आपल्याकडे हल्ली पाण्याच्या ग्लासातही गरम मसाला टाकतात. हुलग्याला स्वतःचा वास आहे, तो येऊ द्या.

सहा वाट्या पाणी फोडणीला टाका. पाणी कसं हवं? खळखळ उकळलेलं. शेंगोळी एकदम ओतू नका, पाच-सहा, पाच-सहा अशी सोडा, म्हणजे उकळी मोडत नाही. पहिली पाच मिनिटं पळी घालायचीच नाही. मग आच मध्यम करा, अर्धवट झाकण ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या. एक शेंगोळं काढून मोडून बघा. आत फिकट कोरडी रेघ दिसली तर अजून हवं.

आणि परात धुवायला टाकू नका! परातीला, हाताला जे पीठ चिकटलेलं असतं, त्यावर वाटीभर पाणी घालून बोटांनी सगळं खरवडून घ्या. पाणी मातकट, दाटसर होतं. ते शिजत आलेल्या पातेल्यात ओता. दोन मिनिटांत रस्सा असा काही मिळून येतो की वेगळं काही लावावं लागत नाही. कोणी दाण्याचं कूट घालतात. घाला, पण या पाण्यानंतर त्याची गरज राहत नाही.

हुलग्यात शंभर ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि जिथे पाऊस दगा देतो त्या हलक्या रानात हे पीक येतं. संयुक्त राष्ट्रांनी 2016 हे कडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, दर 10 फेब्रुवारीला जागतिक कडधान्य दिनही असतो. त्या दिवशी भाषणं होतात आणि मग जेवायला पनीर असतं. मी काय बोलणार?

वाढताना वर कच्चं शेंगदाण्याचं तेल, लिंबू, बुक्कीनं फोडलेला कांदा. भाकरी असेल तर रश्श्यात कुस्करा. उरलीच, तर सकाळी पातेल्यात सगळं घट्ट बसलेलं दिसेल. त्यात गार पाणी घालू नका, वेगळं उकळून घाला, चिमूटभर मीठ वाढवा आणि एक चटका द्या. काही लोकांना ही शिळी शेंगोळीच जास्त आवडतात. मी त्यातला एक.

नमस्कार.