काठावरचा निम्मा उजेड

(दृश्य: पिवळ्या उजेडातली खोली)

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घराची ही माडी. खिडक्यांना जाड पडदे आणि टेबलावर उघडून ठेवलेला प्रोजेक्टर. दिवा पिवळा आहे, कारण काचेवर दिलेल्या फोटोरेझिस्टच्या, म्हणजे उजेडाने बदलणाऱ्या रसायनाच्या, थरावर निळ्या आणि अतिनील उजेडाचा परिणाम होतो, पिवळ्याचा नाही.

चिपवर असते तशी बारीक नक्षी उजेडाने काचेवर उतरवायची, हे आमचं काम. उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्याला ते पटकन कळतं. ओतकामाला आधी पॅटर्न लागतो, तसा चिपच्या नक्षीला मास्क लागतो. मास्क म्हणजे क्रोमची नक्षी असलेली काच. तिच्यातून उजेड पाडायचा. एक रेघ बदलली तरी मास्क नवा आणि खर्चही नवा. आम्हाला तो झेपत नव्हता, म्हणून मास्कच काढून टाकला.

त्याच्या जागी अंगठ्याच्या नखाएवढा हा तुकडा बसवला. याच्यावर वीस लाखांहून जास्त आरसे आहेत, एकेक जेमतेम साडेसात मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये ही डीएमडी, म्हणजे सूक्ष्म आरशांची चिप घडवली. आरसा 12 अंश एकीकडे कलला की उजेड काचेवर पडतो, दुसरीकडे कलला की बाहेर जातो. अधलंमधलं काही नाही.

मायक्रोस्कोपच्या लेन्सने चित्र दहापट लहान केलं की एक आरसा काचेवर पाऊण मायक्रॉनचा उरतो. तिरकी रेघ काढली की तिचा काठ जिन्यासारखा दिसायचा. आरसाच एवढा, तर पायरीही एवढीच राहणार, असं मी धरून चाललो होतो.

(दृश्य: पडद्यावर मोठा केलेला काठ)

उजेड 405 नॅनोमीटरचा आहे आणि लेन्सचं न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे ती किती रुंद कोनातला उजेड घेते त्याचं माप, 0.25. अशा लेन्समधून साधारण 0.8 मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील उतरत नाही, त्यामुळे शेजारशेजारच्या आरशांचा उजेड काचेवर एकमेकांत मिसळतो. हा धूसरपणा मी कित्येक दिवस दोष समजत होतो. खरं तर तोच कामाला येतो. रेझिस्ट उजेडाची नुसती बेरीज करत असतं. बेरीज एका हद्दीपलीकडे गेली की तिथला थर डेव्हलपरमध्ये, म्हणजे नंतर धुवायच्या द्रावणात, विरघळतो, अलीकडचा तसाच राहतो. आता काठावरचा आरसा पूर्ण वेळ चालू न ठेवता निम्माच वेळ ठेवला तर? हद्द आत सरकते, आणि तीही आरशाच्या रुंदीपेक्षा कमी अंतराने. रेघेची कमीत कमी जाडी लेन्सच ठरवते, पण काठ नेमका कुठे बसवायचा हे आता आपल्या हातात येतं.

उजेडाच्या काठाकडे टक लावून बघायची सवय मला अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाने लावली. नोव्हेंबरात मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आडवा आला की किरण वाटेतच विरतात आणि सगळी गर्दी गप्प होते.

निम्मा वेळ म्हणजे निम्मा पिक्सेल, असा सरळ हिशोब मात्र नाही. तो काचेवरच मांडावा लागतो. एका काचेवर नऊ चौकोन घेतले, 0.8 सेकंदापासून 2.4 सेकंदांपर्यंत, दर वेळी 0.2 ने वाढवत. पहिल्या दोन चौकोनांत थर नीट निघालाच नाही, तळाशी दुधाळ साय राहिली. शेवटच्या दोनमध्ये रेघा झिजून दोऱ्यासारख्या झाल्या. मधल्या पाचांतून वेळ निवडली.

जुलैत ती वेळही उपयोगी पडेना. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता, भिंती ओलावल्या होत्या, आणि डेव्हलपरमध्ये अख्खी रेघच काचेवरून सुटून आली. मी उजेडाला दोष देत चार रात्री घालवल्या. ओल काचेवर बसली होती. आता थर देण्याआधी काच हॉटप्लेटवर चांगली तापवून घेतो.

(दृश्य: मायक्रोस्कोपमधून)

ही दहा मायक्रॉनची तिरकी रेघ. डावीकडचा काठ पूर्ण उजेडाचा, त्याच्या पायऱ्या मोजता येतात. उजवीकडे काठावरच्या प्रत्येक आरशाला वेगळा वेळ दिलाय. तिथे पायरी सापडत नाही.

पुढची काच पाच मायक्रॉनच्या रेघेसाठी. तिच्यावर पुन्हा नऊ चौकोन.