उडून गेलेल्याचा पंचनामा

मंडळी, मागे बसलेल्या पोट्ट्यांनी सुरुवातीलाच विचारून टाकलं का सर, सुपरहिरोच्या गोष्टींत जो जीव वाचवते त्याच्यावरच लोक कायले चिडतात, तर तिथूनच धरतो.

स्पायडरमॅनच्या नावाच्या कॉमिकचा पहिला अंक आला, त्यावर तारीख छापली होती मार्च १९६३. त्यात जेमसन नावाच्या पेपरवाल्याचा पोरगा बिघडलेल्या यानात अडकतो, स्पायडरमॅन त्याला सुखरूप खाली आणतो, आणि बाप छापतो काय तर बिघाड स्पायडरमॅननंच केला! वाचताना राग येतो, हसूही येतं, पण आपल्या मनात शंका येत नाही, कारण मास्कच्या आतलं पोरगं कसं आहे ते आपल्याला आधीच माहीत असतं. माझ्या मते गडबड इथंच होते, लेखक स्वतःच हिरोला जामीन राहतो आणि मग लोकांचा संशय म्हणजे नुसता कृतघ्नपणा वाटायला लागतो, पब्लिक येडी, संपादक खडूस, विषय संपला.

२००४ चा 'द इन्क्रेडिबल्स' बघा, लहान पोरांचा सिनेमा म्हणतात पण त्यात जीव द्यायला निघालेला माणूस वाचवला म्हणून तोच कोर्टात जातो, मग रेल्वेतले जखमी प्रवासीही केस टाकतात, आणि शेवटी सरकार या सगळ्या हिरो लोकांना लपून साधं जगायला लावतं. 'वॉचमेन' हे कॉमिक १९८६ ला सुरू झालं, त्यात तर पोलीसच संपावर जातात आणि १९७७ च्या कायद्यानं मास्कवाल्यांवर बंदी येते, पण सरकारच्या कामाचे जे दोघं आहेत त्यांना सूट. हे मात्र आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्या भागात आणा हे. समजा सप्टेंबर महिना, नहरात एक पोरगी वाहून चालली, कोणीतरी आभाळातून येतो, गेट उपटून फेकतो, पोरगी वाचवतो आणि निघून जातो. पाणी खालच्या गावच्या वावरात, सोयाबीन शेंगांवर आलेलं, सगळं पाण्याखाली. दुसऱ्या दिवशी तलाठी येतो, धुऱ्यावर उभा राहून कागद काढतो, नुकसानीचं कारण या रकान्यात काय लिहिणार बाप्पा? एक रुपयातला पीक विमा होता तेव्हा ७२ तासांत कळवावं लागायचं, आणि कारणांत गारपीट होती, ढगफुटी होती, उडता माणूस कुठं होता? गेट तुटलं म्हणजे पाटबंधारेवाले म्हणणार आम्ही नाही तोडलं, आणि ज्यानं तोडलं त्याचा ना पत्ता ना मोबाईल नंबर.

यात कोणी दुष्ट नाही बरं का. पोरगी वाचली म्हणून खालच्या गावातही पेढे वाटले असतील, तिची मावशीच तिथं दिलेली आहे समजा. पण तीच मावशी संध्याकाळी म्हणते, "पोरगी वाचली हे चांगलंच झालं, पण दोराने नसती निघाली का?" मला हे वाक्य जेमसनच्या सगळ्या हेडलाईनींपेक्षा जड वाटतं, कारण त्याला उत्तर द्यायला समोर कोणीच नाही, आणि पुढच्या वेळी तो आला तर लोक वर बघायच्या आधी गेटकडं बघतील.

म्हणून पोट्टेहो, लिहायचं असेल तर मावशीकडून लिहा. त्या उडणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते निदान अर्ध्या गोष्टीपर्यंत सांगू नका. चला, चहा आला वाटते.