सात माणसांची गाडी: नवी घ्यावी की जुनी?

श्रोतेहो, नमस्कार.

मोठी गाडी घ्यायचं ठरलं की घरात वाद सुरू होतो तो नवी घ्यायची की जुनी, यावर. त्याआधी एक ठरवून टाका. तिसऱ्या रांगेत कोण बसणार, आणि वर्षातून किती वेळा? तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर या आपल्या सोलापूरकरांच्या ठरलेल्या खेपा. महिन्यातून दोनदा सातजण निघणार असतील तर गाडी एक, आणि दिवाळी-लग्नसराईपुरते सात, एरवी चौघंच, असं असेल तर गाडी दुसरी.

शोरूममध्ये सगळे पुढच्या सीटवर बसून स्टिअरिंग धरून बघतात. तुम्ही मागून सुरुवात करा. मधल्या रांगेत मोठं माणूस नीट ऐसपैस बसवा, ती सीट तिथंच ठेवा, आणि मग घरातल्या उंच माणसाला तिसऱ्या रांगेत पाठवा. डोकं छताला लागतं का ते दिसतंच, पण खरी अडचण मांडीची असते. मागची जमीन उंच आणि सीट बुटकी असली की गुडघे वर येतात, मांडीला आधार राहत नाही. तुळजापूरपर्यंत पाऊण-एक तास निभतं. पुण्याला अडीचशे किलोमीटर जाताना टेंभुर्णीच्या आधीच कुरकुर सुरू होते. मग आजीला चढायला सांगा. मधली सीट एका हाताने दुमडते का, पाय कुठं ठेवायचा, धरायला दांडी आहे का. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर या चासीवर, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेल्या गाड्या, त्यांची जमीन उंच. पायदान बसवून घेता येतं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढंही पुरत नाही.

तिसरी रांग उघडी असताना डिकी किती उरते तेही बॅगा घेऊन जाऊनच बघा. घरातल्या खऱ्या बॅगा, मोजपट्टी नको. इनोव्हा क्रिस्टाला सातजण बसूनही सुमारे ३०० लिटर जागा राहते. स्कॉर्पिओ-एनला उभ्या ठेवलेल्या एक-दोन बॅगांपलीकडे फारसं काही मावत नाही, आणि तिची तिसरी सीट दुमडली तरी जमिनीत सपाट बसत नाही. सफारी आणि एक्सयूव्ही ७०० यांची मागची सीट अर्धी-अर्धी सपाट होते. फॉर्च्युनरची दोन्ही बाजूंना वर उचलून अडकवावी लागते, म्हणजे सामानाची रुंदी कमी होते.

आता ऊन. सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ अंश ही नवलाई नाही. टेस्ट ड्राइव्ह सकाळी दहाला घेऊ नका, दुपारी दोनला घ्या, गाडी तासभर उन्हात उभी असू द्या. एसी लावून, गाडी जागेवरच उभी ठेवून, दहा मिनिटं मागच्या रांगेत बसा. काही गाड्यांना तिसऱ्या रांगेसाठी छतात किंवा बाजूला स्वतःची एसीची जाळी असते आणि मागं वेगळा ब्लोअर असतो. काहींना मधल्या रांगेपर्यंतच हवा पोचते आणि मागची मुलं घामाघूम होतात. पॅनोरमिक सनरूफवर लोक दीड-दोन लाख जास्त मोजतात. इथल्या उन्हात त्याचा पातळ कापडी पडदा तापतो, आणि चार वर्षांनी त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत धूळ बसली की पहिल्या पावसात काचेशेजारच्या खांबातून पाणी आत उतरतं. त्यापेक्षा हवेशीर, म्हणजे आतून वारा येणाऱ्या, सीट मिळत असतील तर पैसे तिथं घाला.

फोर बाय फोरचंही, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या गाडीचंही, तसंच. डोंगर चढायचे नसतील, नदीपात्रात उतरायचं नसेल, तर त्याचं वजन आणि खर्च वर्षभर वाहायचा कशाला? काळ्या मातीत पावसाळ्यात वस्तीवर जाणारे म्हणतील की लागते. लागते हो, पण ती माती टायरच्या खाचांत भरली की चारही चाकं फिरतात आणि गाडी जागेवरच राहते. तिथं टायर कोणतं यावर जास्त अवलंबून आहे.

डिझेल की पेट्रोल, याचा हिशेब कागदावर करा. वर्षाला १५,००० किलोमीटर धावणार असाल, डिझेल मोठी गाडी लिटरला १३ देते आणि टर्बो पेट्रोल ९ देते असं धरू. डिझेल ९२ रुपये आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर डिझेलला वर्षाला साधारण १ लाख ६ हजार, पेट्रोलला १ लाख ७५ हजार. जवळजवळ ७० हजारांचा फरक, म्हणजे डिझेलचे जादा पैसे लवकर वसूल होतात, जरी महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त आहे. तेच वर्षाला ६,००० किलोमीटर असेल तर फरक २७-२८ हजारांवर येतो.

आणि मग दुसरी अडचण उभी राहते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची जाळी असते. तिच्यात काजळी साठते आणि ती जाळायला सुमारे ६०० अंश उष्णता लागते. ती मिळते हायवेवर, साठच्या वर वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग चालवल्यावर. शहरातल्या शहरात, सात रस्ता ते नवी पेठ, पुन्हा घर, एवढंच रोजचं चालवणं असेल तर जाळीची सफाई सुरू होते आणि अर्ध्यातच थांबते. त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. पुढं दिवा लागतो, मग गाडीची ताकद गळते. म्हणून गावातल्या गावात फिरणाऱ्या कुटुंबानं डिझेलचा मोह सोडावा, किंवा दर आठवड्याला एकदा मोहोळपर्यंत जाऊन यायची तयारी ठेवावी. एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एनसारख्या डिझेल गाड्यांत वेगळ्या टाकीत डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव, भरावं लागतं. ते संपलं की गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही.

आता मूळ प्रश्न. आमचं मत असं की हे कंपनी आणि मॉडेल बघून ठरतं. फॉर्च्युनर आणि इनोव्हाची किंमत बाजारात फारशी पडत नाही. तीन वर्षं वापरलेली गाडी नव्याच्या इतकी जवळ जाते की हमी संपलेली, कुणी कशी चालवली ठाऊक नसलेली गाडी घेण्यात अर्थ राहत नाही. तिथं नवीच घ्या, नाहीतर सरळ सात-आठ वर्षांची घ्या. सफारी, हेक्टर प्लस, अल्काझार यांची किंमत पहिल्या तीन वर्षांत चांगलीच उतरते. ती घसरण पहिल्या मालकाला सोसू द्या आणि ३ ते ४ वर्षांची, ५० हजारांच्या आत फिरलेली शोधा. कंपनीची हमी बहुतेक ठिकाणी ३ वर्षांची असते. वाढीव हमी पहिल्या मालकाने वेळेत घेतली असेल तर ती तुमच्या नावावर होते का, ते आधी विचारा. फोर्डची एंडेव्हर दणकट गाडी, पण कंपनीने २०२१ मध्ये भारतातल्या बाजारासाठी गाड्या बनवणं थांबवलं. स्वस्तात मिळाली तरी सुट्या भागांसाठी वाट बघण्याची तयारी हवी.

किंमत बोलताना एक सापळा टाळा. विकणारा म्हणतो, २०२३ मध्ये मी २४ लाख मोजले होते. ते त्यानं मोजले, ठीक आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि उपकर मिळूनचा ५० टक्के कर उतरून ४० टक्के झाला. मूळ किंमत तीच राहिली तर २० लाखांची गाडी सुमारे १ लाख ३३ हजारांनी खाली येते. तेव्हा तुलना त्याच्या जुन्या बिलाशी करू नका. त्याच मॉडेलची आजची ऑन-रोड किंमत लिहून आणा आणि तिथून खाली मोजा.

नवी घेणाऱ्यांसाठी थोडकं. बिल होण्याआधी चासी नंबर मागा आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते बघा. वर्षाअखेरीस जुन्या साठ्यातली गाडी सवलतीत घ्यायला हरकत नाही, पण विकताना ते वर्ष मोजलं जातं हे लक्षात ठेवा. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नाही. हँडलिंग चार्जेस म्हणून काही लावलं असेल तर ते काढायला सांगा. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापला जातो, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. कितीतरी लोक हे विसरतात.

जुन्या गाडीला मात्र सवड काढा. मालकाला आदल्या दिवशी सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिन कसं सुरू होतं ते कळणार नाही, दुसऱ्या दिवशी या. डिपस्टिक काढून ऑइल बघा. पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि डिझेलचा वास, तर मघाशी सांगितलेली डीपीएफची भानगड आधीच सुरू आहे. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरतंय, तिथूनच परत फिरा.

मग कूलंटची बाटली. पाणी हिरवं, गुलाबी, लाल, कंपनीच्या रंगाचं हवं. गढूळ किंवा गंजकट असेल तर कुणीतरी बोअरचं पाणी भरलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात. हिवाळ्यात काही कळत नाही, एप्रिलमध्ये घाटात तापमानाचा काटा वर जातो आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, उडतं. त्याचा खर्च किती येतो ते मेकॅनिकला विचारा, म्हणजे दहा हजारांच्या सवलतीसाठी अशी गाडी घ्यावी का ते कळेल.

इंजिन गरम झाल्यावर, चालू असताना, ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर नुसतं ठेवा. ते थडथड उडत असेल आणि धुराचे झोत येत असतील तर पिस्टन रिंगा गेल्या. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, दाट काळा म्हणजे इंजेक्टर किंवा टर्बोचा पाइप. मॅन्युअल असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. गुरगुरत राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. हे एकदाच करा. जुनी २.५ इनोव्हा आणि ३.० फॉर्च्युनर यांना टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

किलोमीटर काटा मागं फिरवणं आता लॅपटॉपवर होतं. म्हणून काट्यापेक्षा बाकीचं बघा. ब्रेक-क्लचच्या पॅडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगची चकाकी. चाळीस हजारांच्या गाडीत हे झिजत नाही. मालकाला घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, नोंदी काढा. टायरवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. स्टेपनीसकट पाचही बघा. २०२२ ची, तीस हजार चाललेली गाडी आणि टायर २०२५ चे, तर काटा खोटं बोलतोय असा संशय घ्या.

इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर वायर कापलेली असू शकते, म्हणजे बॅग उघडून गेल्यावर नवी बसवलेलीच नसेल. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि फेंडरचे बोल्ट बघा, रंग खरवडलेला असेल तर पत्रा उघडला गेलाय.

पुराची गाडी ओळखायची असेल तर मागच्या रांगेचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर खेचा, शेवटच्या हातभर भागात चिखलाची रेघ सापडते. स्टेपनीच्या खड्ड्यात, गालिच्याखाली हात घाला. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच सीना नदीकाठी कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. धुऊन-पुसून त्या बाजारात येतातच.

कागदांत पहिलं आरसी. गाडी आधी टुरिस्ट पासिंगची होती का ते बघा, इनोव्हात हे हटकून निघतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं आधी भरून घ्या. विजापूरची केए-२८ किंवा कलबुर्गीची केए-३२ स्वस्त दिसते, हैदराबादची त्याहून स्वस्त. पण परराज्यातली गाडी इथं आणली की तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, लागते, इथं वयानुसार रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, मगच एमएच-१३ नंबर मिळतो. तिकडचा कर परत मागायचा अर्ज वेगळा, आणि त्याला वेळ लागतो. तो टॅक्स किंमतीत मिळवून मगच सांगा, स्वस्त आहे की नाही.

विमा तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विम्यातली सवलत, त्याच्याबरोबर जातो, तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल. आणि किल्ली हातात घेताना ताबा पावती करा. तिच्यावर नुसती तारीख नको, घड्याळातली वेळही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. त्याच दिवशी सकाळी त्याने सिग्नल तोडलेला असेल तर ते चलन कुणाचं, हे त्या वेळेवरून ठरतं.