गुपींच्या घरचं गुपित

नमस्कार मंडळी. आजचा सिनेमा फ्रेंच आहे, 'गुपी मँ रूज'. साल १९४३, दिग्दर्शक झाक बेकर. गुपी हे आडनाव. आपल्या कानाला 'गुपित' ऐकू येतं, आणि घरही तसंच आहे.

पश्चिम फ्रान्समधलं, शारांत भागातलं शेतकरी खटलं. प्रत्येकाला टोपणनाव. चिक्कू माणूस तो 'माझे पैसे', म्हणी फेकणारा 'म्हण', निवृत्त पोलीस तो 'कायदा'. सगळ्यांच्या वर १०६ वर्षांचे आजोबा, 'सम्राट'. सोनं कुठं दडवलंय हे त्यांनाच ठाऊक. पॅरिसचा मुलगा घरी येतो, त्याच रात्री १०,००० फ्रँक नाहीसे होतात आणि 'तिझान', म्हणजे काढा, या कजाग बाईचा रानात खून होतो. गावात बोभाटा नको, घरातलं घरात. हे लक्षात ठेवा, घरातलं घरात.

पण मला सांगायचंय ते याच घरातल्या तोंकँचं. इंडोचायनात शिपाईगिरी करून आलेला, डोकं थोडं फिरलेला. काम केलंय रोबेर ल व्हिगाँनं. शेवटी पोलीस मागे लागतात आणि हा एका उंच झाडावर चढतो. चढतोय, अजून चढतोय. फांद्या बारीक होत चालल्यात. खाली सगळे माना वर करून. आणि तो पडतो! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या चहावर साय धरली होती, तरी कप तसाच हातात. शेवट सांगितला म्हणून रागावू नका, ८० वर्षं होऊन गेलीत, आता चूक तुमची. आणि डब केलेला बघू नका हं. आवाज बदलला की माणूस बदलतो, असं माझं मत. चहात आलं नको, हेही.

बरं, हा ल व्हिगाँ खऱ्या आयुष्यात जर्मनांचा माणूस. जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये रेडिओवर त्यांच्या बाजूनं बोलायचा, माइकसमोर, मी आत्ता बसलोय तसा. युद्ध संपता संपता जर्मनीला पळाला. १९४६ मध्ये शिक्षा झाली, सुटल्यावर अर्जेंटिना गाठलं, १९७२ मध्ये तिथंच वारला.

आणि दिग्दर्शक? बेकर जर्मनांच्या कैदेत राहून आलेला! तेव्हाचं विशी सरकार, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेलं फ्रेंच सरकार, शेतकरी कुटुंबाचे गोडवे गात होतं. यानं दाखवलं ते हे असं खटलं. घरातलं घरात.

सोनं कुठं होतं, ते मात्र नाही सांगत. त्यांच्या घरात एक जुनं घड्याळ आहे. त्याच्यावर नजर ठेवा.